ठेकेदाराने पगार अडकवला किंवा गेट बंद केलं तर काय करायचं, पुण्यातल्या कंपनी कामगारासाठी पायरी पायरीने

चाकण, महाळुंगे, भोसरी, तळवडे, रांजणगाव, कुठेही बघा, लाईनवर उभी असलेली बरीचशी पोरं कंपनीची नसतातच. गेटपासवर नाव कंपनीचं, पगार टाकणारा भलताच कोणीतरी, आणि त्याचं ऑफिस म्हणजे कुठल्यातरी फाट्यावर एक शटर आणि दोन खुर्च्या. पगार अडकला की एचआर म्हणतो ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीने बिल काढलं नाही, आणि मधल्या मधे रूमभाडं आणि मेसचे पैसे काय कोणासाठी थांबत नाहीत. हे त्या पोरांसाठी आणि पोरींसाठी लिहितोय. पर्मनंटवाल्यांना युनियन असते, त्यांचं त्यांना कळतं.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल. बहुतेक जण केबिनमध्ये जाऊन आवाज चढवतात, मग बाहेर काढले जातात, आणि मग पुरावा शोधायला लागतात. क्रम उलटा पाहिजे. आधी कागद, मग हिशोब, मग लेखी मागणी, मग सरकारी ऑफिस. आवाज चढवायचा असेल तर सगळ्यात शेवटी चढवा, आणि खरं तर तेव्हा गरजच पडत नाही.

आधी कायद्याचा गोंधळ मिटवू

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार लेबर कोड लागू झाले, वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता असे चार, आणि जुने २९ कायदे त्यात गेले. वकील आणि युनियनवाले सवयीने अजून जुनीच नावं घेतात, पेमेंट ऑफ वेजेस, आयडी अ‍ॅक्ट वगैरे, ते ऐकून बिचकू नका. तुमच्या कामाचं एवढंच लक्षात ठेवा की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे, काम सोडलं किंवा काढलं तर राहिलेला पगार कामाच्या २ दिवसांत मिळाला पाहिजे, पगाराची स्लिप देणं बंधनकारक आहे, ओटी (ओव्हरटाईम) दुप्पट दराने आहे आणि अपॉइंटमेंट लेटर सगळ्यांना दिलं पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, कंपनीने आधी तुम्हाला द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. हे नवीन नाही, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि नव्या कोडमध्येही आहे. एचआर हे कधी स्वतःहून सांगणार नाही. म्हणून पुढे प्रत्येक कागदावर ठेकेदार आणि कंपनी, दोघांची नावं टाकायची, एकट्या ठेकेदाराच्या नावाने अर्ज केलात आणि तो शटर पाडून गेला तर बसा मग.

पहिली पायरी: कामावर असतानाच कागद गोळा करा

गेटपासचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, कारण काढताना सगळ्यात आधी तोच काढून घेतात. बँकेचं स्टेटमेंट काढा आणि पगाराच्या एन्ट्रीसमोर पाठवणाऱ्याचं नाव काय आलंय ते नीट वाचा. गेटपासवर एक नाव, बँकेत दुसरं आणि पीएफला तिसरं असं सर्रास असतं, एकाच माणसाच्या बायकोच्या, भावाच्या नावाने फर्म असतात. तिन्ही नावं लिहून ठेवा, अर्जात तिन्ही जातील.

शिफ्टचा चार्ट जर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येत असेल तर ग्रुपचं चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्याच ईमेलला पाठवा. ग्रुपमधून काढलं की पुढचं काही दिसणार नाही, आणि फोन हरवला की मागचंही गेलं. सुपरवायझरने 'रविवारी यायचंय' असा मेसेज टाकला असेल तर तो ओटीचा पुरावा आहे, त्याने फोन करून सांगितलं असेल तर तुम्हीच नंतर मेसेज टाका, 'सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रविवारी फर्स्ट शिफ्टला येतो'. तो अंगठ्याचा इमोजी टाकेल किंवा ओके म्हणेल, पुरे झालं.

एक साधी वही करा. तारीख, आत कधी गेलो, बाहेर कधी आलो, ओटी किती, सही. रोज लिहा, आठवड्याचं एकदम बसून लिहू नका कारण एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेलं समोरच्या वकिलाला लगेच कळतं. पंचिंग मशीनचा डेटा त्यांच्याकडे असतो आणि तो देताना 'सिस्टीम बदलली' असं उत्तर येऊ शकतं, तेव्हा ही वही कामाला येते.

शॉपमध्ये, म्हणजे लाईनवर कामाच्या जागी, फोटो-व्हिडिओ मात्र काढू नका. बऱ्याच कंपन्यांत कॅमेऱ्यावर स्टिकर लावून आत सोडतात, आणि आत फोटो काढला हे कारण दाखवून काढायला त्यांना एकदम सोपं जातं. तुमचा पुरावा गेटच्या बाहेरच भरपूर आहे.

आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर सही करायची नाही. जॉइन होतानाच राजीनाम्यावर तारीख न टाकता सही घेणारे ठेकेदार आहेत. घेतली असेल तर आत्ताच एक मेसेज किंवा ईमेल टाकून ठेवा की अमुक तारखेला माझ्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली आहे.

दुसरी पायरी: हिशोब स्वतः करा

'माझे खूप पैसे अडकलेत' असं म्हणून काहीच होत नाही, आकडा लागतो. समजा महिन्याचं बेसिक आणि डीए मिळून १५,६०० आहे. भागिले २६, रोजचे ६००. भागिले ८, तासाचे ७५. ओटी दुप्पट म्हणजे तासाला १५०. महिन्यात ४० तास ओटी केला तर ६,००० झाले पाहिजेत आणि ठेकेदार सिंगल रेटने ३,००० टाकतोय, म्हणजे दर महिन्याला ३,००० तुमचे त्याच्या खिशात. वर्षाचं करा आणि बघा. सिंगल ओटी ही चाकणपट्ट्यात इतकी रूढ गोष्ट झालीये की पोरांना तोच नियम वाटतो.

'आमच्याकडे १२ तासांचीच ड्युटी आहे, ओटी वेगळा नाही' हेही ऐकायला मिळतं. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे, १२ तासांच्या ६ शिफ्ट केल्या तर ७२ होतात, वरचे २४ तास ओटी. रोजचे तास वाढवण्याच्या ज्या बातम्या आल्या त्याने हे गणित बदलत नाही.

बेसिक किती पाहिजे ते किमान वेतनावरून बघायचं. महाराष्ट्रात प्रत्येक उद्योगाचे दर वेगळे, त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आणि परिमंडळं (भागांप्रमाणे गट), आणि विशेष भत्ता, म्हणजे वर धरलेला डीए, दर सहा महिन्यांनी म्हणजे जानेवारी आणि जुलैला बदलतो. म्हणून मित्राच्या कंपनीतला दर तुम्हाला लागेलच असं नाही. वेल्डर, सीएनसी ऑपरेटर यांना हेल्पर म्हणून दाखवून अकुशलचा दर लावतात, स्लिपवर पद काय लिहिलंय ते जरूर बघा.

कापाकापी बघा. एक खाडा झाला तर एका दिवसाचाच पगार कापता येतो, 'एक खाडा म्हणजे तीन दिवस' हा ठेकेदाराच्या घरचा कायदा आहे. दंड लावायचा झाला तर पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि सगळ्या कपाती मिळून ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. उचल घेतली असेल तर ती लिहून ठेवा आणि हिशोबात कबूल करा, लपवलीत तर तीच पुढे काढून दाखवतील आणि तुमचा बाकीचा खरा आकडाही खोटा वाटायला लागेल.

तिसरी पायरी: पीएफ आणि ईएसआय तपासा, रडायची वेळ यायच्या आधी

यूएएन म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, तो स्लिपवर असतो, नसेल तर मागा. रजिस्टर मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शेवटचा हप्ता आणि शिल्लक मेसेजने येते, किंवा उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा. ठेकेदाराने महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. स्लिपवर कापलाय आणि पासबुकात दोन-तीन महिने काहीच नाही, तर तो तुमचे पैसे वापरतोय, सरळ आहे.

१२ टक्के तुमचे आणि १२ टक्के मालकाचे, मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात. मालकाचा हिस्सा तुमच्या ठरलेल्या पगारातून कापायला परवानगी नाही. २४ टक्के कापलेली स्लिप हातात आली तर ती सोन्यासारखी जपा.

तक्रार ईपीएफओच्या ग्रीव्हन्स पोर्टलवर करता येते, नंबर मिळतो, आणि पुण्यात प्रत्यक्ष जायचं तर कॅम्पात गोळीबार मैदानाजवळ पीएफ ऑफिस आहे, पिंपरी-चिंचवडकडच्यांसाठी आकुर्डीचं. माझा अनुभव असा की पीएफची तक्रार ठेकेदाराला पगाराच्या तक्रारीपेक्षा जास्त झोंबते, कारण तिथे त्याचा पीएफचा कोड नंबर निघतो आणि त्या कोडखालच्या सगळ्याच कामगारांचा हिशोब उघडतो.

ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा, २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू, तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५. याची आठवण आपल्याला अपघात झाल्यावर येते. प्रेस शॉपमध्ये बोट गेलं की ठेकेदार आधी खाजगी दवाखान्यात नेतो, बिल भरतो, गोड बोलतो आणि सांगतो, 'घरी पडलो असं सांग'. अजिबात सांगू नका. डॉक्टरच्या कागदावर 'कामावर असताना मशिनमध्ये' असं लिहिलं गेलं पाहिजे आणि अपघाताची नोंद झाली पाहिजे. ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीला बरं होईपर्यंत साधारण ९० टक्के वेतनाइतकी रक्कम मिळते आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याची दरमहा रक्कम, ठेकेदाराचे ते दहा-वीस हजार त्याच्यापुढे काहीच नाहीत. चिंचवडला मोहननगर आणि इकडे बिबवेवाडी, दोन्हीकडे ईएसआयचं हॉस्पिटल आहे.

चौथी पायरी: लेखी मागणी

वकिलाची नोटीस लगेच लागत नाही. साधं पत्र, मराठीत, एक पान. कलमं टाकायच्या भानगडीत पडू नका, चुकीचं कलम टाकण्यापेक्षा बरोबर तारीख टाकलेली बरी. असं काहीतरी:

*प्रति, १) (ठेकेदार फर्मचं पूर्ण नाव, पत्ता) २) व्यवस्थापक, (कंपनीचं पूर्ण नाव, प्लांटचा पत्ता)*

*विषय: थकीत वेतन व ओव्हरटाईम मिळणेबाबत*

*मी (नाव), क्र. १ यांच्यामार्फत क्र. २ यांच्या (प्लांट, विभाग) येथे दि. ... पासून (पद) म्हणून काम करतो. माझे माहे ... व ... चे वेतन रु. ... आणि दि. ... ते दि. ... या काळातील ... तासांच्या ओव्हरटाईमचा फरक रु. ... असे एकूण रु. ... येणे आहे. हिशोब सोबत जोडला आहे. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत सदर रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी, अन्यथा मला कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागावी लागेल. मी कामावर हजर आहे व काम करण्यास तयार आहे.*

शेवटचं वाक्य गाळू नका, का ते पुढच्या पायरीत. हातात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही, शिक्का, तारीख. पोच देत नाहीत, ते धरूनच चाला, मग पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे काऊंटरवर स्पीड पोस्ट आणि सोबत पोहोचल्याचा पुरावा मागा. पावती आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट दोन्ही ठेवा. ईमेलही करा, एचआरला आणि ठेकेदाराला एकाच मेलमध्ये, म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे कंपनीला म्हणता येणार नाही.

पाचवी पायरी: गेट बंद केलं तर

पत्र गेल्यावर किंवा त्याआधीच, एके दिवशी सिक्युरिटी म्हणते तुमचा पास ब्लॉक आहे. सुपरवायझर म्हणतो घरी जा, फोन करतो. हा फोन येत नसतो. आणि इथेच सगळ्यात जास्त पोरं हरतात, कारण ती खरंच घरी जातात, काही तर थेट गावी, लातूरला, बीडला, जळगावला. महिन्याभराने ठेकेदार कागदावर लिहितो की हा स्वतःहूनच यायचा बंद झाला, आम्ही काढलंच नाही. काढलं असं सिद्ध झालं तर तुमचे हक्क वेगळे, स्वतः सोडलं म्हटलं की सगळंच बारगळतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्या शिफ्टच्या वेळेला परत गेटवर जा. आत घेतलं नाही की गेटबाहेरून लगेच सुपरवायझर, ठेकेदार आणि एचआर तिघांना मेसेज टाका, 'आज दि. अमुक, फर्स्ट शिफ्टला ६.३० ला कामावर आलो, सिक्युरिटीने आत सोडलं नाही, मी कामाला तयार आहे, लेखी कारण द्यावं.' तिसऱ्या दिवशी परत हेच. कंटाळा येतो, लाज वाटते, सोबतची पोरं आत जाताना बघतात, पण जा. मग हेच सगळं पत्रात लिहून स्पीड पोस्टाने पाठवा. हुज्जत घालायची नाही, सिक्युरिटीवाल्याच्या अंगावर जायचं नाही, तोही दुसऱ्या ठेकेदाराचाच माणूस आहे बिचारा.

'राजीनामा लिहून दे, लगेच फुल अँड फायनल करतो' असं म्हणाले तर देऊ नका. हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे मीटिंग रूममध्ये पाणी देऊन लिहून घेतात. दबावाखाली दिलाच असेल तर त्याच दिवशी रात्री स्वतःच्या ईमेलवरून लिहा की तो माझ्या इच्छेने दिलेला नाही. आयटीसाठी नाइट्स नावाची संघटना पुण्यातूनच काम करते, लेबर ऑफिसात तक्रारी करायचा त्यांना अनुभव आहे.

सहावी पायरी: वाकडेवाडी

पुण्याचं कामगार आयुक्तांचं ऑफिस शिवाजीनगरजवळ वाकडेवाडीला, मुंबई-पुणे रोडवर आहे. अर्ज तीन-चार प्रतींत न्या, सोबत हिशोब, पत्राची प्रत, पोस्टाच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, गेटपास. आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबरचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी सांगून 'साहेब बघतो म्हणाले' याला काडीची किंमत नाही.

दोन वेगळे विषय असतील तर दोन वेगळे अर्ज. पगार-ओटीच्या थकबाकीचा दावा एक, कामावरून काढल्याचा वाद दुसरा, कारण दोन्हींची वाट वेगळी आहे. थकबाकीला ३ वर्षांपर्यंत दावा करता येतो, आणि पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, तुमच्यावर नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. काढल्याच्या वादात आधी समेट अधिकाऱ्यासमोर तारखा होतात, ४५ दिवसांत काही झालं नाही तर तुम्ही स्वतः थेट ट्रायब्युनलकडे, म्हणजे कामगार वादांच्या कोर्टात, जाऊ शकता, आणि काढल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं. आधी ही मुदत ३ वर्षांची होती, जुन्या माहितीवर बसून राहू नका.

वकिलाला पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर. औद्योगिक कामगाराला, महिलांना, एससी-एसटींना मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यातच आहे, उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

मार्केट यार्डातल्या हमाल-तोलणारांची वाट वेगळी आहे, त्यांना १९६९ चा माथाडी कायदा आणि मंडळ आहे, त्यांनी आधी बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीत जावं.

सातवी पायरी: तारखा आणि तडजोड

पहिल्या तारखेला समोरचा येत नाही. दुसऱ्या तारखेला एचआर एखादा ज्युनियर पोरगा पाठवतो ज्याला काहीच अधिकार नसतो. तुम्ही मात्र प्रत्येक तारखेला जा आणि हजेरीची सही करा. नवीन काम लागलं असेल तर त्या दिवसाची सुट्टी टाका, किंवा युनियनच्या माणसाला अधिकारपत्र द्या, सिटू, आयटक, बीएमएस यांचे लोक पिंपरी-चिंचवडमध्ये सहज भेटतात.

साधारण तिसऱ्या-चौथ्या तारखेला आकडा येतो, आणि तो तुमच्या आकड्यापेक्षा कमीच असतो. घ्यायचा की नाही हा तुमचा निर्णय, मी कोणाला 'शेवटपर्यंत लढ' असं सांगत नाही, घरची परिस्थिती ज्याची त्याला माहीत. फक्त बाहेर चहाच्या टपरीवर तडजोड करू नका, अधिकाऱ्यासमोर लेखी करा, रक्कम कशाकशाची ते वेगवेगळं लिहा, पैसे खात्यात जमा होईपर्यंत 'काही येणे नाही' यावर सही करू नका. आणि त्यात 'पीएफ व ग्रॅच्युइटीचे हक्क अबाधित' एवढे शब्द घालून घ्या. थेट कंपनीने फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर, घेतलेलं असेल तर नव्या कोडप्रमाणे वर्षभर भरलं की ग्रॅच्युइटी लागू होते, पूर्वीसारखी ५ वर्षं थांबायला नको.

सगळ्यांनी मिळून काम बंद करायचं मनात असेल तर

आधी हे वाचा. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर नव्या कायद्यात तो संपच धरतात, आणि संपाला आधी नोटीस लागते, नोटीस दिल्यावरही १४ दिवस थांबावं लागतं. शिवाय दहा किंवा जास्त जण ठरवून, नोटीस न देता गैरहजर राहिले तर ८ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. म्हणजे रात्री रूमवर बसून 'उद्या कोणीच जायचं नाही' ठरवलं तर पगार मागायला गेलेले तुम्हीच अडकता. त्यापेक्षा वीस जणांनी एकाच दिवशी वाकडेवाडीला वीस अर्ज दिले तर कायद्याने कोणी बोट लावू शकत नाही, आणि कंपनीचा फोन ठेकेदाराला त्याच संध्याकाळी जातो.

पैसे आले, आता पीएफ

जुना ठेकेदार काम सोडल्याची तारीख सिस्टीममध्ये टाकत नाही आणि मग पैसे काढताना किंवा ट्रान्सफर करताना अडतं. शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने झाले की ती तारीख तुम्ही स्वतः यूएएन पोर्टलवर टाकू शकता, आधार लिंक पाहिजे. आणि नवीन ठेकेदाराकडे जॉइन होताना जुनाच यूएएन द्या, त्याने नवीन काढला तर नंतर दोन्ही जोडत बसायला लागतं. जुन्या खात्यातले पैसे ऑनलाईन ट्रान्सफर करून घ्या.